माणभट प्रेमानंद : सुरतेपासून नंदुरबारपर्यंत

बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना चैत्र महिन्यात शेजारच्या गुजराती घरातून येणारे ओखाहरणाचे सूर परके नाहीत. उषा-अनिरुद्धाचे हे आख्यान रचणारा भट प्रेमानंद बडोद्याचाच. आपले पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग येथे येण्यापूर्वी अर्धे शतक, इ. स. १६६७ मध्ये, त्याने ते रचले.

कृष्णरामाचा हा मुलगा जातीने मेवाडा ब्राह्मण आणि व्यवसायाने माणभट होता. माण म्हणजे मोठ्या पोटाची, अरुंद तोंडाची धातूची घागर. बोटांत अंगठ्या घालून माणभट तिच्यावर ताल धरतो, आख्यान गातो, मध्येच थांबून अर्थ उलगडतो आणि राजा, राणी, दासी, विदूषक सर्वांची सोंगे बसल्या जागी वठवतो. आपल्या कीर्तनकाराचा हा सख्खा भाऊच म्हणावा. मात्र हा उभा राहत नाही, आणि ताल त्याच्या स्वतःच्या हातात असतो.

आख्यानाची बांधणीही गाण्यासाठीच असते. प्रत्येक कडव्याला रागाचे नाव दिलेले असते. आरंभीचा मुखबंध विषय सांगतो, ढाळात कथा वाहते आणि शेवटचे वलण झालेली कथा थोडक्यात बांधून पुढच्या कडव्याचे दार उघडते. उशिरा आलेल्या श्रोत्यालाही मागचे कळावे आणि बसलेल्याने उठू नये, ही व्यावसायिकाची जाण त्यामागे आहे.

कारण प्रेमानंदाची विद्या हीच त्याची उपजीविका होती. उदरनिर्वाहासाठी आपण गाव सोडल्याचे त्याने काव्यातच नमूद करून ठेवले आहे. नळाख्यानाचा मुहूर्त त्याने सुरतेत केला आणि १६८६ च्या सुमारास ते नंदुरबारला पूर्ण केले. ही दोन गावे एकाच वाटेवरची. सुरत हे मोगल साम्राज्याचे मोठे बंदर होते. १६६४ आणि १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी ते लुटले, तरी व्यापार पुन्हा उभा राहिला होता. तेथून बुऱ्हाणपुराकडे जाणारा माल खानदेशातील नंदुरबारावरून जाई. जेथे व्यापारी, तेथे कथेला श्रोता आणि भटाला दक्षिणा. नरसी मेहत्याची हुंडी भगवंताने वटवल्याची कथा प्रेमानंदाने १६७७ मध्ये गायिली; हुंडी म्हणजे काय, हे अशा श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नसे.

नळाची कथा त्याच्यापूर्वी पाटणच्या भालणाने आणि बडोद्याच्याच नाकराने गायिली होती. मराठीत रघुनाथ पंडितांनी ती संस्कृत वृत्तांत सजवली. प्रेमानंदाने ती भुकेल्या संसाराजवळ आणली. वनात उपाशी हिंडणारा नळ मासे धरून दमयंतीच्या हाती देतो. तिच्या हातांत अमृत असल्याने मासे जिवंत होऊन पाण्यात निसटतात आणि नळाला वाटते, तिने एकटीनेच ते खाल्ले. मूळ महाभारतात हा प्रसंग नाही. प्रेमानंदाला तो आधीच्या आख्यानकारांकडून मिळाला. पण दारिद्र्य आधी अन्न नेते आणि मग विश्वास नेते, हे पोटासाठी गाव सोडलेल्या कवीला कोणी शिकवावे लागले नसेल.

सुदामाचरित्र १६८२ चे, मामेरुं १६८३ चे, रणयज्ञ १६९० चा. भागवताचा दशमस्कंध मात्र त्याच्या हातून अपुरा राहिला. सुंदर नावाच्या कवीने तो पुरा केला. ज्या सुरतेत नळाख्यानाचा आरंभ झाला, त्याच सुरतेच्या कवी नर्मदाने १८७२ मध्ये हा दशमस्कंध संपादून छापला. छापखान्याने शब्द वाचवले; माणेवरचा हात मात्र पुस्तकात मावला नाही. तो माणसाकडून माणसाकडेच यावा लागला. विसाव्या शतकात बडोद्याच्या धार्मिकलाल पंड्या यांनी तो जपला.

आज कचेरीतून सुटल्यावर हौसेने जुनी पदे, आख्याने शिकू पाहणारी मंडळी भेटतात. त्यांचे कौतुकच आहे. पोटाची चिंता नसलेल्याने विद्येची सेवा करण्यात कमीपणा नाही. पण बहुतेकांना चाल हवी असते, रागाचे नाव हवे असते आणि चार लोकांत म्हणता येईल असे एखादे कडवे हवे असते. ताल धरता धरता अर्थ सांगण्याची आणि श्रोत्याचा चेहरा पाहून कथा लांबवण्या-आखडण्याची मेहनत नको असते. प्रेमानंदाला ती टाळता आली नाही. श्रोता उठला तर चूल पेटणार नव्हती. हौशी शिष्याला ती भीती नाही. म्हणूनच ती मेहनत त्याने स्वतःहून अंगावर घ्यावी. तेवढे केले, तर माणेचा नाद आपल्या गावात आणखी एक पिढी ऐकू येईल.