माता रमाई : त्याग आणि विषमतेचा रोग



7 फेब्रुवारीला आपण त्यागमूर्ती माता रमाईंची जयंती करतो, त्यांच्या त्यागाची गाणी म्हणतो. पण रमाईंना आणि त्यांच्या लेकरांना आजारानं का गाठलं, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. तो विचारला पाहिजे.

रमाईंचा जन्म 1898 साली दापोली तालुक्यातल्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लवकर गेले. पोरकी भावंडं नातेवाइकांबरोबर मुंबईला आली. कोवळ्या वयात, भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार उठल्यावर रमाईंचं लग्न लागलं.

बाबासाहेब 1913 साली अमेरिकेला गेले, पुढे 1920 साली लंडनला. रमाई मागं मुंबईच्या चाळीत राहिल्या. शेण गोळा करायचं, गोवऱ्या थापायच्या, घरच्यांना वाढायचं आणि स्वतः अर्धपोटी राहायचं. साहेबांच्या शिक्षणात अडथळा नको म्हणून दुःख कळवायचं नाही.

पाच लेकरं झाली. थोरले यशवंत तेवढे जगले. गंगाधर, रमेश आणि इंदू गेले. 1926 साली राजरत्नही गेला.

लोक याला नशीब म्हणायचे, मागल्या जन्मीचं पाप म्हणायचे. बुद्धानं आपल्याला कारण शोधायला शिकवलं. आई उपाशी तर बाळाला ताकद कुठून येणार? एका खोलीत दाटीनं राहणारी माणसं, उजेड नाही, हवा नाही, नळ सगळ्यांत मिळून. डॉक्टर बोलवायचा तर पैसा लागतो, आणि आजार काही पगाराच्या तारखेची वाट बघत नाही. त्याच मुंबईत बंगल्यांतली लेकरं इतकी मरत नव्हती. म्हणजे रोग नुसता अंगात नव्हता, समाजाच्या रचनेत होता.

हे दुःख भोगलेले बाबासाहेब 1927 साली महाडला पाण्यासाठी उभे राहिले. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून ते बोलले. 1929 साली तो कायदा झाला. 1942 ते 1946 ते मजूरमंत्री होते, त्या काळात कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची योजना आखली गेली. 1948 साली तिचा कायदा झाला. आम्हा गिरणीवाल्यांच्या औषधपाण्यामागं ही पुण्याई आहे.

रमाईंना आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला जायची फार इच्छा होती. ती राहूनच गेली. विठ्ठलाचं दार आपल्या लोकांना 1947 साली उघडलं. दादरला राजगृह झालं, मोठं घर आलं, पण तोवर शरीर झिजून गेलं होतं. 27 मे 1935 रोजी, चाळिशीही न गाठता, रमाई गेल्या. उशिरा आलेलं सुख आधीची उपासमार भरून काढीत नाही.

म्हणून उपासकांनो, रमाईंच्या त्यागाला वंदन करा, पण आपल्या घरातल्या बाईकडून तोच त्याग मागू नका. आजही आपली आई, सून सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाते. ऊसतोडीला गेलेली बाई दिवस गेलेले असतानाही मोळ्या उचलते. अंगात रक्त कमी आहे, हे बाळंतपणात कळतं. विहारात येणाऱ्या प्रत्येक मायबहिणीचं रक्त सरकारी दवाखान्यात तपासून घेऊ. घरात तिचं ताट आपल्याबरोबर मांडू. माता रमाईंना तेच खरं अभिवादन होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!