केडगावच्या पंडिता

स्मरणिका समितीने 'प्रेरणादायी व्यक्ती' या विभागासाठी लेख मागितला, तेव्हा मी लगेच पंडिता रमाबाईंचे नाव सांगितले. मी संगणक अभियंता. धर्मशास्त्राचा माझा अभ्यास नाही आणि मी ख्रिस्तीही नाही. पण सोलापूरहून पुण्याला रेल्वेने गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी दौंड सुटल्यावर केडगाव स्टेशनची पाटी पाहिली असेल. त्या गावात एका मराठी बाईने संपूर्ण बायबल मूळ भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत आणले. एखादा विषय शिकवायचा तर आधी स्वतः किती शिकावे लागते, हे मला त्यांच्या चरित्रातून समजले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना शास्त्री-पंडितांचा रोष पत्करावा लागला. पुढे आईनेच रमेला शिकवले. घरच्या हालअपेष्टांमुळे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत असे. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत होते. नुसते पाठ करून भागत नव्हते, समोर बसलेल्या लोकांना ते सांगावेही लागत. अभ्यास आणि अध्यापन त्यांच्या बाबतीत लहानपणापासून असे हातात हात घालून आले.

दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, रमा आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी हिंडली. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेदाची प्रत भेट दिली. स्त्रियांनी वेद वाचू नयेत असेच त्या आजवर ऐकत आल्या होत्या. ग्रंथ एक गोष्ट सांगतो की ग्रंथाचे राखणदार ती सांगतात, हा प्रश्न इथून त्यांच्या मनात घर करून राहिला असावा, असे मला वाटते.

भावाच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय, नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामकडच्या सिल्चरच्या घरी त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली पुस्तिका मिळाली. बायबलशी त्यांची ओळख झाली ती अशी, स्वतःच्या वाचनातून. मुलगी मनोरमा जेमतेम दहा महिन्यांची असताना, १८८२ च्या फेब्रुवारीत, पती गेले.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची गरज मांडली. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येऊ लागल्याने तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रातल्या अनेकांना हा धक्का होता आणि त्यांना हळहळही वाटली. पण तिकडच्या धर्मगुरूंनाही ही विद्यार्थिनी सोपी गेली नाही. चर्च सांगते म्हणून मान्य करायचे, हे त्यांना पटेना. बायबलमध्ये ते कुठे आहे, असा त्यांचा सवाल असे. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत होत्या आणि संस्कृतही शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असे बिशपांनी सुचवले, तेव्हा त्यांनी ठणकावून विरोध केला. एका धर्मातल्या पंडितांची मक्तेदारी नाकारून आलेली ही बाई दुसऱ्या धर्मातली मक्तेदारी मानायला तयार नव्हती. मला त्यांच्याविषयी सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, ते आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. तिथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले आणि मराठी मुलांसाठी क्रमिक पुस्तकांची तयारी केली. परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई याच सदनात शिकल्या. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. धर्मांतराचा आरोप झाला. 'केसरी'ने कडक टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्या हे खरे. विधवा मुलींना निवारा आणि शिक्षण देणारी जागा तेव्हा दुसरी फारशी नव्हती, हेही तितकेच खरे. आपल्या वर्गात सर्व धर्मांची मुले एका बाकावर बसत. म्हणून या वादाच्या दोन्ही बाजू इथे मोकळेपणाने लिहाव्यात असे वाटले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांहून अधिक जणी होत्या. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई.

या मुलींना बायबल शिकवताना रमाबाईंच्या लक्षात आले की प्रचलित मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झाले आहे आणि खेड्यातल्या बाईला ते कळत नाही. आपल्या सोलापूरकरांना ही अडचण समजावून सांगायला नको. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू होती आणि पुस्तकातली मराठी ही तिसरीच भाषा वाटे. रमाबाईंनी नव्याने भाषांतर हाती घेतले. जुन्या मजकुराची डागडुजी करण्यावर त्या थांबल्या नाहीत. जुन्या करारासाठी हिब्रू आणि नव्या करारासाठी ग्रीक शिकून त्या मुळापर्यंत गेल्या. बालपणापासून संस्कृतात वाढलेल्या पंडितेने साध्या शब्दासाठी स्वतःची विद्वत्ता बाजूला ठेवावी, हे किती कठीण! हे काम दीड तपाच्या आसपास चालले. खिळे जुळवणे आणि छपाई सदनातल्या बायकांनीच केली. ज्यांना कालपर्यंत अक्षरओळख नव्हती, त्यांच्या हातून हा ग्रंथ छापला गेला.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. कामाची भावी सूत्रे जिच्या हाती द्यायची, तीच राहिली नाही. तरीही रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे भाषांतर फारसे रूढ झाले नाही. पण एका स्त्रीने एकहाती केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

माझ्या नोकरीत दरवर्षी नवी मुले हाताखाली येतात. तयार उत्तर शोधून चिकटवण्याची घाई सगळ्यांनाच असते. मी त्यांना मूळ दस्तऐवज उघडायला लावते आणि मग समजले ते साध्या मराठीत सांगायला लावते. मराठी येत नसेल तर त्यांच्या घरच्या भाषेत. काही जण कुरकुरतात, पण सहा महिन्यांनी तीच मुले नव्यांना शिकवू लागतात.

आपल्या शिक्षकांपैकी कितीतरी जणांनी वर्गात येण्याआधी घरी रात्री उशिरापर्यंत तयारी केली असेल. ती आपल्याला तेव्हा दिसली नाही. रमाबाईंविषयी लिहिताना त्या न दिसलेल्या तयारीची आठवण झाली.