वाल्डेमार हाफकिन : प्रयोग आणि विश्वास

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एका भयंकर तापाचे रुग्ण आढळू लागले. ताप एकाएकी चढे, जांघेत किंवा काखेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली. लाखो माणसे घरेदारे बंद करून गावाकडे निघाली. प्लेगवर त्या काळी खात्रीचा इलाज नव्हता. अशा वेळी सरकारने कलकत्त्याहून एका जंतुशास्त्रज्ञाला मुंबईस पाचारण केले. ते होते वाल्डेमार हाफकिन.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे उच्च शिक्षण काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात झाले. आज युक्रेनमध्ये असलेले हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे थोर गुरू लाभले. हाफकिन बुद्धिमान तसेच मानी होते. ज्यूंवर होणाऱ्या हल्ल्यांचा प्रतिकार केल्यामुळे त्यांना अटक झाली. धर्मांतर केल्यास विद्यापीठात पद मिळण्याचा मार्ग मोकळा झाला असता. पण त्यांनी ते नाकारले. अखेर १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. पुढच्या वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे प्रारंभी त्यांना ग्रंथपालाचे काम मिळाले. त्या कामातून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत.

त्या काळी पटकीच्या साथींनी जगभर थैमान घातले होते. हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली. प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. परंतु माणसाच्या शरीरावर तिचा काय परिणाम होईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतरच त्यांनी ती इतरांना दिली.

१८९३ साली ते भारतात आले. भारतीय डॉक्टरांच्या साहाय्याने ते कलकत्त्याच्या दाट वस्त्यांतून हिंडले. अनोळखी परदेशी माणूस सुई घेऊन दारात उभा राहिला, की लोक भयभीत होत, संतापत. पण हाफकिन यांनी धीर सोडला नाही. लस टोचून घेतलेले किती आणि न घेतलेले किती, त्यांपैकी कितीजण आजारी पडले आणि किती दगावले, याची ते काटेकोर नोंद ठेवीत. एकाच वस्तीतील, एकच पाणी पिणाऱ्या लोकांची तुलना केल्याशिवाय लसीचा गुण सिद्ध होत नाही, अशी त्यांची धारणा होती. सुमारे अडीच वर्षांत जवळजवळ ४२ हजार लोकांना त्यांनी लस टोचली.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना लहानशी जागा मिळाली. हाताखाली मोजकीच माणसे होती. तरीही त्यांनी अहोरात्र काम केले. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला. गाईचे किंवा डुकराचे मांस त्यांनी टाळले, त्यामुळे कोणाच्याही धर्मभावनेला धक्का लागला नाही. या रसावर तुपाचे थेंब सोडले, की जंतूंची भरपूर वाढ होई. पुढे उष्णता देऊन जंतू मारीत आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळीत. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना जेवढी मात्रा दिली गेली, तिच्याहून ही मात्रा कितीतरी अधिक होती. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. पण काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्मे कैदी लस घेण्यास स्वेच्छेने पुढे आले. टोचण्याच्या वेळीच ज्यांच्या अंगात रोग शिरला होता, त्यांना वगळून हिशेब केला गेला. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघेच आजारी पडले आणि तेही वाचले. तुरुंगातील माणसाची संमती खरोखर किती मुक्त असते, हा प्रश्न आज विचारला जातो. म्हणूनच आजच्या संशोधनाच्या नियमांत कैद्यांसाठी विशेष संरक्षण असते. असे नियम नव्हते त्या काळात हाफकिन यांनी स्वेच्छेची अट पाळली, हे ध्यानात घ्यायला हवे.

या अटीचे मोल त्याच वर्षी पुण्यात दिसून आले. तेथे प्लेग निवारणासाठी सैनिक घरोघरी घुसून झडत्या घेऊ लागले. रोग्यांना बळाने हलविण्यात येई. लोकांच्या मनातील क्षोभ इतका वाढला, की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. समाजातील मान्यवरांनी आधी लस घ्यावी आणि ते पाहून इतरांनी यावे, यावर त्यांचा भर होता. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले. १८९९ साली परळ येथील जुन्या राजभवनात हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

लसीची मागणी झपाट्याने वाढली. उत्पादन वाढावे म्हणून तयार करण्याच्या पद्धतीत बदल करण्यात आला आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि सर्वच्या सर्व दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. निरपराध माणसांचे प्राण गेले होते. लोकांचा विश्वास डळमळला.

चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते युरोपला परतले. पुढे चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा शास्त्रज्ञांनी ती बारकाईने तपासली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, असे साक्षीत आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. ते प्रयोगशाळेतच बाटलीत शिरले असते, तर इतक्या दिवसांत लसीला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले.

न्याय मिळाला, पण पाच वर्षे वाया गेली होती. हाफकिन कलकत्त्याला परत आले, मात्र पूर्वीसारखे काम त्यांच्या हाती राहिले नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला गेले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. भारताने १९६४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

नव्या औषधाचा धोका आधी कोणी पत्करायचा, लोकांची संमती कशी मिळवायची आणि प्रयोगाचा हिशेब कसा ठेवायचा, हे प्रश्न हाफकिन यांच्यासमोर होते. त्यांची उत्तरे त्यांनी आपल्या वागण्यातून दिली. मुलकोवालची दुर्घटना आणखी एक गोष्ट शिकवून गेली. लस कितीही गुणकारी असली, तरी ती टोचणाऱ्या शेवटच्या हाताने दक्षता पाळली नाही, तर ती जीव घेऊ शकते. आणि चूक कोणाची हे ठरवतानाही प्रयोगाइतकाच भक्कम पुरावा लागतो.