चुंबकसूचीच्या पहाऱ्यावर : कै. केरो लक्ष्मण छत्रे

केरूनाना छत्रे हे नाव आज बहुतेकांस लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू म्हणून ठाऊक आहे. पंचांगाच्या वादात रस असलेल्यांना ते पटवर्धनी पंचांगामुळे आठवते. परंतु त्यांच्या आयुष्याची सुरुवात ज्या कामाने झाली, ते काम आज ‘अवकाश हवामान’ या नव्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राचे होते, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे हे विस्मृत पर्व मांडावे, असे आम्हांस वाटले.

केरूनानांचा जन्म 16 मे 1825 रोजी अलिबागजवळच्या नागाव या गावी झाला. नारळी-पोफळींच्या बागांतले ते गाव. लहानपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. मराठीत ‘बाळमित्र’ आणणारे सदाशिव काशिनाथ छत्रे हे त्यांचे चुलते; त्यांनी या पोरक्या मुलास मुंबईस नेले. तेथे एल्फिन्स्टन संस्थेत प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाती तो पडला आणि गणित व सृष्टिशास्त्र यांची गोडी त्यास कायमची लागली.

कुलाब्याची वेधशाळा 1826 साली उभी राहिली ती जहाजांना अचूक वेळ पुरविण्यासाठी व नभोवेधांसाठी. पुढे युरोपात पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध जगभर एकाच पद्धतीने घेण्याची मोठी मोहीम निघाली आणि 1841 पासून कुलाब्यासही हे काम आले. ऑर्लिबारांनी आपला पंधरा-सोळा वर्षांचा विद्यार्थी साहाय्यक म्हणून तेथे नेला. तेथे केरूनानांनी सुमारे दहा वर्षे काढली.

हे काम दिसावयास सोपे, करावयास कठीण. बारीक धाग्याने टांगलेला लोहचुंबक, त्यास जोडलेला आरसा, आणि काही अंतरावरून लहान दुर्बिणीतून त्या आरशातील मोजपट्टीचे प्रतिबिंब वाचणारा माणूस. अशा वेधगृहाच्या बांधकामात लोखंड वर्ज्य असते. वाचन करणाऱ्याच्या खिशातील चाकूसुद्धा सूची विचलित करतो. 1846 पासून कुलाब्यास ही वाचने नियमितपणे तासातासाला होऊ लागली. पावसाळ्याच्या रात्री समुद्राच्या गर्जनेत, दिव्याच्या प्रकाशात ते आकडे टिपणारी माणसे आमच्या डोळ्यांसमोर येतात. त्या सूचीस कोण हलवितो, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. सांगू शकेल असा कोणी जगात तेव्हा नव्हताही.

त्याचे उत्तर येऊ लागले ते केरूनानांनी वेधशाळा सोडल्यावर. 1851 साली ते पुण्यास अध्यापनासाठी आले आणि 1852 साली इंग्लंडात सॅबिन यांनी, सूर्यावरील डागांचे चक्र व पृथ्वीवरील चुंबकीय खळबळ ही बरोबरीने वाढतात व ओसरतात, असे दाखवून दिले. सॅबिन यांची सामग्री अशाच दूरदूरच्या वेधशाळांतील तासातासाच्या वाचनांची होती. सात वर्षांनी, 1 सप्टेंबर 1859 रोजी, कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लख्ख ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या उपकरणांत आडव्या चुंबकबलाची पातळी सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळली. एरवी मोठ्या म्हणाव्या अशा वादळातही ही घसरण काही शेंच्या घरात असते. 2003 साली शास्त्रज्ञांनी ही नोंद पुन्हा अभ्यासली, तेव्हा त्या विख्यात वादळाची तीव्रता मापण्याचा एक मोलाचा आधार मुंबईचे हे आकडे ठरले.

केरूनानांस वेधशाळेतच राहून या आकड्यांचा अर्थ लावण्याची संधी मिळती तर? प्रश्न व्यर्थ आहे हे आम्ही जाणतो. त्या काळी वाचने घेणारा एतद्देशीय साहाय्यक आणि त्यांवर ग्रंथ लिहिणारा युरोपीय अधीक्षक, अशीच वाटणी होती. नानाभाई मूस हे पहिले भारतीय संचालक 1896 साली झाले. तोवर केरूनानांस जाऊन बारा वर्षे लोटली होती.

पुण्यातील त्यांचे आयुष्य सर्वांस परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. डेक्कन कॉलेजात त्यांनी गणित शिकविले. टिळक व आगरकर हे तेथील त्यांचे विद्यार्थी. 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झाली. जुन्या गणिताने येणारे ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, हे उघड दिसत असता पंचांग तसेच चालू ठेवणे त्यांना मानवले नाही, आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नवे पंचांग निघाले. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. आमच्या मते या हट्टाचे मूळ कुलाब्यातच आहे : जे दिसते ते लिहावयाचे, असावयास हवे ते नव्हे. 1877 साली त्यांस रावबहादूर ही पदवी मिळाली आणि 19 मार्च 1884 रोजी त्यांचे निधन झाले.

पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. झालेल्या मुलांचे पालक मंडळाच्या कार्यक्रमांत आम्हांस विचारतात, की पुढे काय? त्यांना आम्ही केरूनानांच्या काळी नसलेल्या वाटा सांगतो. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था, पुण्याचे आयुका, आणि कुलाब्याचा वारसा चालविणारी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था येथे सूर्य आणि पृथ्वी यांच्या या संबंधावर पीएच.डी. करता येते. 2 सप्टेंबर 2023 रोजी सोडलेल्या आदित्य-एल1 यानावरील एक दुर्बीण आयुकाने घडविली आहे. अर्थात, वर्षानुवर्षे आकडे पाहण्याचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेस जाऊ नये, हेही आम्ही सांगतो.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची बिघडेल म्हणून कुलाब्याचे हे काम अन्यत्र हलवावे लागले. मूस यांनी त्यासाठी निवडलेली जागा अलिबागची. 1904 पासून तेथे नोंदी होत आल्या आहेत. केरूनानांचे नागाव तेथून काही मैलांवर आहे.