जॉर्ज ब्यूस्ट

डॉ. जॉर्ज ब्यूस्ट (१८०५, काही नोंदींनुसार १८०४ – १ ऑक्टोबर १८६०) हे मुंबईत कार्यरत असलेले स्कॉटिश पत्रकार व विज्ञान-अभ्यासक होते. ते बॉम्बे टाइम्स या वृत्तपत्राचे संपादक आणि काही काळ मुंबईचे शेरीफ होते. पोलिसांनी पकडलेल्या व निराधार मुलांसाठी त्यांनी मुंबईत उद्योगशाळा स्थापन केली. तिचेच रूपांतर पुढे डेव्हिड ससून औद्योगिक शाळेत झाले.

प्रारंभिक जीवन

ब्यूस्ट यांचा जन्म स्कॉटलंडमधील टॅनडिस येथे झाला. शिक्षणानंतर १८२६ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाचा परवाना मिळाला. मात्र १८३२ पासून ते डंडी येथे वृत्तपत्राच्या संपादनाकडे वळले. बॉम्बे टाइम्सची स्थापना १८३८ मध्ये झाली. पुढील वर्षी तिचे पहिले संपादक ब्रेनन यांचे निधन झाल्यावर त्या जागी ब्यूस्ट यांची नेमणूक झाली.

मुंबईतील कार्य

संपादनाबरोबरच त्यांनी कुलाबा वेधशाळेचे काम पाहिले आणि बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीचे सचिवपद सांभाळले. १८४६ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. न्यायालयाच्या आदेशांची अंमलबजावणी करणे व ज्यूरीच्या सदस्यांना बोलावणे ही त्या काळी शेरीफची प्रमुख कर्तव्ये होती.

उद्योगशाळा

त्या काळी किरकोळ गुन्ह्यांत सापडलेली मुले प्रौढ कैद्यांसोबत तुरुंगात ठेवली जात. अशा मुलांना शिक्षेऐवजी सुधारणेची संधी द्यावी आणि कष्टकरी वर्गात कारागिरीच्या उमेदवारीला उत्तेजन मिळावे, हा ब्यूस्ट यांच्या शाळेचा उद्देश होता. शाळेच्या स्थापनेचे वर्ष काही नोंदींत १८४३, तर काहींत १८५० असे आढळते. १८५० च्या उमेदवारी कायद्याने १० ते १८ वर्षे वयाच्या अनाथ व गरीब मुलांना कारागिरांच्या हाताखाली कामाला लावण्याची तरतूद झाली. १८५७ मध्ये व्यापारी डेव्हिड ससून यांनी शाळेला आर्थिक पाठबळ दिले व शाळेस त्यांचे नाव देण्यात आले.

१८५७ चा उठाव व पदच्युती

भारतीय गरीब मुलांसाठी शाळा काढणाऱ्या ब्यूस्ट यांनी १८५७ च्या उठावाच्या वेळी मात्र भारतीयांविरुद्ध अत्यंत कठोर व सूडबुद्धीचे लेखन केले. नवरोजी फर्दुनजी यांच्यासह वृत्तपत्राच्या भारतीय भागधारकांनी त्यास हरकत घेतली. भूमिका बदलण्यास नकार दिल्याने त्यांना संपादकपदावरून दूर करण्यात आले. त्यांची जागा रॉबर्ट नाइट यांनी घेतली. १८६१ मध्ये याच वृत्तपत्राचे टाइम्स ऑफ इंडिया असे नामांतर झाले.

अखेरची वर्षे व वारसा

पदच्युतीनंतर ब्यूस्ट यांनी बॉम्बे स्टँडर्ड हे वृत्तपत्र सुरू केले. १८५९ मध्ये अलाहाबाद येथील सरकारी छापखान्याचे अधीक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. कलकत्त्याकडे जात असताना १ ऑक्टोबर १८६० रोजी समुद्रप्रवासात त्यांचे निधन झाले.

१९२४ च्या मुंबई बालक कायद्यानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. माहीम येथील डेव्हिड ससून औद्योगिक शाळेचा कारभार पुढे याच संस्थेकडे आला. ज्या समाजाबद्दल ब्यूस्ट यांनी अखेरीस इतके कटू लेखन केले, त्याच समाजातील मुलांसाठी त्यांनी काढलेली शाळा हेच त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य ठरले.