कुलूपवाल्याचा मुलगा : जॉर्ज ओहम

नववीच्या विज्ञानात धाराविद्युतचा धडा आला की मुले एक सूत्र पाठ करतात. विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. मराठी माध्यमात ज्याला रोध म्हणतात, त्यालाच उर्दू माध्यमातली मुले मुजाहमत म्हणतात. एकक मात्र दोन्हीकडे एकच, ओहम. हे एका माणसाचे नाव आहे आणि तो माणूस शाळामास्तर होता, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असते.

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. ते शाळेत फारसे शिकले नव्हते, पण स्वतःच्या मेहनतीने त्यांनी गणिताची पुस्तके वाचून काढली होती. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांनी जॉर्जला आणि धाकट्या मार्टिनला घरीच गणित शिकवले. पुढे दोन्ही भाऊ नामवंत झाले.

1805 साली जॉर्ज विद्यापीठात गेला खरा, पण तिथे नाच, बिलियर्ड आणि बर्फावरच्या स्केटिंगमध्ये रमला. वडील संतापले. पोटाला चिमटा घेऊन शिकवायचे आणि पोराने वेळ उडवायचा, हे त्यांना कसे पटणार? त्यांनी त्याला विद्यापीठ सोडायला लावले. 1806 मध्ये तो स्वित्झर्लंडच्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. तिथे मात्र त्याने स्वतःचा अभ्यास सोडला नाही. परत येऊन 1811 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली.

1817 मध्ये ओहम कोलोनच्या शाळेत रुजू झाले. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती. शिकवून उरलेल्या वेळात ते तारेतून वाहणारी वीज मोजू लागले. त्या काळच्या बॅटरीचा जोर पटकन उतरायचा, त्यामुळे आकडे जुळेनात. मग 1826 मध्ये त्यांनी वेगळी युक्ती केली. तांबे आणि बिस्मथ हे दोन धातू जोडले. एक जोड उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून विजेचा जोरही कायम!

मग त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या. वीज वाहिली की टांगलेली चुंबकसुई फिरायची. ती मूळ जागी आणायला किती पीळ द्यावा लागतो, यावरून धारा मोजायची. कारागिराच्या घरात वाढलेला हात इथे कामी आला. तार लांब केली की धारा कमी होत होती, पण दुप्पट लांबीला नेमकी निम्मी होत नव्हती. ओहम यांनी कारण शोधले. परिपथाच्या बाकीच्या भागालाही स्वतःचा रोध असतो, तोही धरला पाहिजे. तो धरला आणि हिशेब जुळला.

आज आपण वर्गात सांगतो ते असे : तापमान कायम असेल तर वाहकातली धारा विभवांतराच्या प्रमाणात वाढते. 1.5 व्होल्ट विभवांतर आणि 3 ओहम रोध असेल तर धारा 0.5 अँपिअर. रोध 6 ओहम केला तर 0.25 अँपिअर.

1827 मध्ये ओहम यांचे पुस्तक बर्लिनला छापले गेले. त्यांना वाटले होते, आता विद्यापीठात जागा मिळेल. पण त्यातले गणित अनेकांच्या डोक्यावरून गेले, दादही मिळाली नाही. दुखावलेल्या ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षे बर्लिनमध्ये शिकवण्याची किरकोळ कामे करून गुजराण केली. 1833 मध्ये न्युरेंबर्गला चांगली नोकरी लागली. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले, तेव्हा कुठे जग जागे झाले. म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते 1852 साली, वयाच्या 63 व्या वर्षी. अवघ्या दोन वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी, त्यांचे निधन झाले. 1881 च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला त्यांचे नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर मंजूर झाले. ते पाहायला ओहम नव्हते.

वाचकहो, आपल्या घरांतही वायरमन आहेत, वेल्डर आहेत, गॅरेजवाले आहेत. त्यांच्या मुलांना भौतिकशास्त्र आपले नाही असे वाटू देऊ नका. ओहमचा नियम कुलूपवाल्याच्या मुलाने, एका शाळेच्या प्रयोगशाळेत, तार मोजून शोधला आहे.