दोन्ही देशांचा फायदा कसा? रिकार्डोंचा हिशेब

डेव्हिड रिकार्डो यांचा जन्म १७७२ मध्ये लंडनमधील ज्यू कुटुंबात झाला. १४व्या वर्षी ते वडिलांच्या शेअर दलालीत शिरले. २१व्या वर्षी धर्माबाहेर लग्न केल्याने घर तुटले. पण शेअर बाजारात त्यांनी स्वबळावर मोठी संपत्ती कमावली.

१८१७च्या ग्रंथात त्यांनी काल्पनिक आकडे घेऊन एक हिशेब मांडला. ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर १०० माणसे लागतात, तर ठरावीक वाइनसाठी १२०. पोर्तुगालला अनुक्रमे ९० आणि ८०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. मग व्यापार कशाला? कारण ८० माणसांची वाइन देऊन पोर्तुगालला ९० माणसांचे काम वाचवणारे कापड मिळते. तिकडे इंग्लंड १०० माणसांचे कापड देऊन १२० माणसांचे काम वाचवते. फायदा दोघांचाही.

त्या काळी ब्रिटनमध्ये परदेशी धान्यावर निर्बंध होते. पाव महाग, जमीनदार खूश. रिकार्डो स्वतः जमीनदार झाले होते, तरीही १८१९ पासून खासदार म्हणून त्यांनी या निर्बंधांना विरोध केला. १८२३ मध्ये त्यांचे निधन झाले. धान्य कायदे रद्द करण्याचा निर्णय झाला तो १८४६ मध्ये.